एका चेतापेशीची साक्ष
पेशीबाहेरील विद्युदग्राने आवेग कसे टिपतात व त्यांवरून काय म्हणता येते

कंपवाताचा एखादा जुना रुग्ण आज दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत आपल्या औषधांच्या पुड्यांबरोबर मोठ्या रुग्णालयाची फाईलही असते. फाईल पुढे करून त्याचा मुलगा विचारतो, "वैद्यसाहेब, बाबांच्या मेंदूत तार घालून पेशींचा आवाज ऐकणार आहेत म्हणे. असं खरंच करतात का? आणि आपलं कवचबीजाचं चूर्ण तोवर चालू ठेवायचं ना?" दुसरीकडे, औषधी विक्रेत्याच्या काउंटरवर एखादे रंगीत माहितीपत्रक येऊन पडते. त्यावर मेंदूचे चित्र असते आणि खाली ओळ असते : 'चेतापेशींची सक्रियता वाढविणारे'.

हे दोन्ही प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच तंत्र आहे. एकेकट्या चेतापेशीचे विद्युत आवेग पेशीच्या बाहेर ठेवलेल्या सूक्ष्म विद्युदग्राने, म्हणजेच इलेक्ट्रोडने, टिपण्याचे हे तंत्र होय. त्याची ओळख असल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि दुसऱ्या दाव्याची परीक्षाही करता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात हे तंत्र काय आहे, त्याची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी आणि आपल्या व्यवसायाशी त्याचा नेमका संबंध कोठे येतो, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पेशीबाहेर काय उमटते?

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. विश्रांत अवस्थेत चेतापेशीचा आतील भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. पेशी पुरेशी उद्दीपित झाली की तिच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे धनभारित कण आत शिरतात आणि आतील विभव क्षणभर धन होते. पाठोपाठ पोटॅशियमचे कण बाहेर पडून स्थिती पूर्ववत होते. हा सर्व खेळ सुमारे एक मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. यालाच क्रियाविभव किंवा सोप्या भाषेत आवेग म्हणतात. प्रयोगशाळेत त्याला 'स्पाइक' हा शब्द रूढ आहे.

पेशीच्या आत हा बदल सुमारे १०० मिलिव्होल्टचा असतो. परंतु जिवंत मेंदूत, हालचाल करणाऱ्या प्राण्यात, पेशीच्या आत अग्र खुपसून ते टिकविणे अत्यंत अवघड असते आणि पेशीला इजाही होते. म्हणून अग्र पेशीच्या शेजारी, पेशींमधील द्रवात ठेवले जाते. आवेगाच्या वेळी कण आतबाहेर करतात, त्यामुळे या द्रवातही अल्पसा प्रवाह वाहतो आणि अग्राला विभवातील चढउतार जाणवतो. मात्र तो फार क्षीण असतो. त्याचे मान साधारणतः ५० ते ५०० मायक्रोव्होल्ट एवढेच भरते. १०० मायक्रोव्होल्ट म्हणजे घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलच्या दाबाचा पंधरा हजारावा भाग. शिवाय अंतर वाढले की संकेत झपाट्याने मंदावतो. एखादी पेशी स्पष्टपणे वेगळी ओळखायची, तर अग्र तिच्यापासून साधारण ५० मायक्रॉनच्या आत असावे लागते. हे अंतर केसाच्या जाडीहूनही कमी आहे.

डोक्यावर चकत्या चिकटवून काढतात त्या ईईजीपेक्षा हे तंत्र वेगळे आहे. ईईजीमध्ये लक्षावधी पेशींच्या विद्युत व्यापाराची गोळाबेरीज कवटीपलीकडून कळते. दूरच्या टेकडीवर उभे राहून दिंडीचा गजर ऐकावा तसे ते आहे. सूक्ष्म विद्युदग्र दिंडीत शिरून एका टाळकऱ्याच्या शेजारी उभे राहते. त्याचा टाळ ठळक ऐकू येतो, शेजारच्या दोघातिघांचा त्याहून मंद, आणि बाकीच्यांचा मिळून एक गजर. दिंडी कोणत्या दिशेने निघाली आहे, हे मात्र एका टाळावरून कळत नाही.

साधने

या कामासाठी काचेच्या सूक्ष्म नलिका वा धातूच्या तारा वापरतात. १९५७ साली डेव्हिड ह्यूबेल यांनी टंगस्टनच्या तारेचे अग्र तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. तारेला विद्युत-रासायनिक क्रियेने अणकुचीदार टोक आणायचे, तिच्यावर लाखेसारख्या विद्युतरोधक रोगणाचा लेप द्यायचा आणि केवळ टोकाचा काही मायक्रॉन भाग उघडा ठेवायचा, अशी ती रीत. टंगस्टन कठीण असल्याने तार न वाकता मेंदूत सरळ उतरते. टोक फार मोठे ठेवले तर अनेक पेशींचा गलबला ऐकू येतो, आणि फारच लहान ठेवले तर पेशी सापडणे दुर्मिळ होते.

अग्राकडून आलेला संकेत प्रवर्धकात वाढविला जातो. मग तो गाळला जातो. सेकंदाला सुमारे ३०० कंपनांपेक्षा मंद असलेला भाग आसपासच्या पेशीसमूहाच्या एकत्रित व्यापाराचा असतो, तो वेगळा काढतात. त्याहून जलद भागात एकेक पेशीचे आवेग सापडतात. आवेग एका मिलिसेकंदाचाच असल्याने त्याचा आकार नीट उमटावा म्हणून संगणक सेकंदाला २० ते ३० हजार वेळा नोंद घेतो. हाच संकेत ध्वनिक्षेपकाला जोडला की प्रत्येक आवेगाचा 'टक्' असा आवाज येतो. रुग्णाच्या मुलाने ऐकलेली 'पेशींचा आवाज' ही गोष्ट ती हीच. पेशी स्वतः आवाज करीत नाही, तिच्या विद्युत चढउताराला यंत्राने आवाजाचे रूप दिलेले असते.

तीन टप्पे, तीन धडे

पहिला टप्पा १९२६ सालचा. केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि स्वीडनचे इंग्वे झोटरमन यांनी बेडकाच्या एका स्नायूकडून येणारा मज्जातंतू घेतला आणि एकाच संवेदी तंतूचे आवेग नोंदविले. स्नायूवर वजन टांगले की आवेग सुरू होत. वजन वाढविले तर आवेगाचा आकार तेवढाच राही, परंतु दर सेकंदाला येणाऱ्या आवेगांची संख्या वाढे. ताण तसाच कायम ठेवला, तर ही संख्या हळूहळू घटत जाई. याचा अर्थ असा की, संवेदनेची तीव्रता आवेगाच्या उंचीत नसून त्यांच्या वारंवारतेत असते, आणि सततच्या स्पर्शाची सवय होणे ही गोष्ट तंतूपासूनच सुरू होते. १९३२ साली एड्रियन यांना चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा टप्पा ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांचा. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे ते भूल दिलेल्या मांजराच्या दृष्टिविषयक मेंदूतील पेशी नोंदवीत होते. पडद्यावर काळे ठिपके दाखविले तरी पेशी फारसा प्रतिसाद देईना. एकदा प्रक्षेपकात काचेची पट्टी सरकविताना मात्र आवेगांचा एकदम वर्षाव झाला. तो ठिपक्यामुळे झाला नव्हता. सरकत्या काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून गेली होती, आणि त्या पेशीला विशिष्ट दिशेने कललेली रेघच हवी होती. जिला आपण निष्क्रिय म्हणत होतो, तिला योग्य तो प्रश्नच विचारला गेला नव्हता. या कार्याबद्दल उभयतांना १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तिसरा टप्पा लंडनचा. १९७१ साली जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी मोकळेपणी फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी दाखविल्या की ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला की आवेग सोडतात. भूल दिलेल्या प्राण्यात ही गोष्ट कधीच कळली नसती. ओकीफ यांना २०१४ साली मे-ब्रिट व एड्वर्ड मोझर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आवेगाचा अर्थ त्याच्या संख्येत, योग्य उद्दीपकात आणि प्राण्याच्या अवस्थेत दडलेला असतो, हा या तिन्ही टप्प्यांचा एकत्रित धडा होय. पत्रकांची परीक्षा करताना तो उपयोगी पडेल.

ही एकच पेशी कशावरून?

अग्राच्या आसपास अनेक पेशी असतात. मग ऐकू आलेले आवेग एकीचेच, हे कसे ठरवावे? प्रत्येक पेशीचे आकारमान व अग्रापासूनचे अंतर वेगळे असल्याने तिच्या आवेगाचा आलेखही थोडा वेगळा दिसतो. संगणक या आकारांवरून आवेगांची वर्गवारी करतो. अधिक खात्रीसाठी १९९० च्या दशकात टेट्रोड प्रचारात आले. यात चार बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात. एकाच पेशीचा आवेग चारही टोकांना कमीअधिक प्रमाणात जाणवतो आणि त्या तफावतीवरून ती पेशी ओळखता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूरोपिक्सेल या सिलिकॉनच्या शलाकेवर तर ९६० नोंदबिंदू आहेत व त्यांपैकी ३८४ एका वेळी वापरता येतात. त्यामुळे शेकडो पेशींची नोंद एकदम होऊ शकते.

एक सोपी कसोटीही आहे. आवेगानंतर सुमारे एक मिलिसेकंद पेशी दुसरा आवेग सोडूच शकत नाही. म्हणून 'एका पेशीच्या' म्हणून दिलेल्या नोंदीत दोन आवेगांमधील अंतर वारंवार त्याहून कमी आढळले, तर तेथे दोन पेशींची सरमिसळ झाली आहे, असे खुशाल समजावे.

तरीही मर्यादा उरतातच. मोठ्या आणि वारंवार आवेग सोडणाऱ्या पेशी सहज सापडतात. लहान व क्वचित बोलणाऱ्या पेशी निसटतात. अग्र शिरताना आसपासच्या ऊतींना थोडी इजा होतेच. बराच वेळ चाललेल्या नोंदीत अग्र किंचित सरकले, तर पेशीचा आवेग लहान दिसू लागतो, आणि औषधाने पेशी मंदावली असा गैरसमज होऊ शकतो.

आवेग वाढणे म्हणजे आरोग्य नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. १९८० च्या दशकारंभी अमेरिकेत एमपीटीपी या रसायनाची भेसळ असलेले मादक द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना कंपवातासारखा तीव्र विकार जडला. हे रसायन डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते, असे आढळले. त्याच रसायनाने माकडांत हा विकार निर्माण करून माहलोन डीलाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या खोल भागातील एकेका पेशीची नोंद घेतली. तेव्हा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या लहानशा केंद्रातील पेशी निरोगी अवस्थेपेक्षा अधिक आवेग सोडीत असल्याचे आणि ते झुबक्याझुबक्याने येत असल्याचे दिसले. १९९० साली हेगाई बर्गमन, थॉमस विचमन व डीलाँग यांनी दाखविले की, हे केंद्र निकामी केल्यास माकडांची ताठरता, कंप व हालचालींचे मांद्य कमी होते.

म्हणजे येथे पेशींची वाढलेली सक्रियता हाच विकाराचा भाग होता. अपस्मारातही पेशींचे आवेग अतिरेकी व एकाच वेळी सुटतात. त्यामुळे 'चेतापेशींची सक्रियता वाढविणारे' हे वाक्य स्वतःपुरते औषधाची स्तुती ठरत नाही आणि निंदाही ठरत नाही. कोणत्या केंद्रातील, कोणत्या पेशींची, कोणत्या अवस्थेत, हे सांगितल्याशिवाय ते अर्थहीन आहे.

शस्त्रक्रियागृहात

याच ज्ञानातून पुढची उपचारपद्धती उभी राहिली. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ साली कंपासाठी थॅलॅमसच्या सतत विद्युत उद्दीपनाचा उपचार प्रसिद्ध केला. १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्येही अग्र बसविले जाऊ लागले. यालाच डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात.

हे केंद्र अवघ्या काही मिलिमीटरचे आहे. एमआरआयच्या साहाय्याने मार्ग ठरविला जातो. त्यानंतर अनेक केंद्रांत सूक्ष्म अग्र त्या मार्गाने मिलिमीटरच्या अंशाअंशाने पुढे सरकवीत पेशी ऐकल्या जातात. रुग्ण बहुधा जागा असतो, फक्त डोक्याची त्वचा बधिर केलेली असते, कारण मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना होत नाही. अग्र त्या केंद्रात शिरले की पार्श्वभूमीचा आवाज दाट होतो आणि जलद, अनियमित आवेग ऐकू येतात. काही पेशी कंपाच्या लयीत, सेकंदाला चार ते सहा वेळा, झुबके सोडतात. वैद्यक चमूतील कोणी रुग्णाचे मनगट हलविले की काही पेशींचा वेग बदलतो. केंद्र ओलांडले की आवाज विरळ होतो आणि आणखी खाली सबस्टॅन्शिया नायग्राचे जलद पण नियमित आवेग सुरू होतात. या क्रमावरून जागा निश्चित होते. मग सूक्ष्म अग्र काढून सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची उद्दीपन-तार बसविली जाते आणि गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेत, बॅटरीचे उपकरण ठेवले जाते.

रुग्णाच्या कुटुंबाला दोन गोष्टी स्पष्ट करून सांगाव्यात. पहिली अशी की, ऐकणे ही तपासणी आहे, उपचार नव्हे. उपचार नंतर बसविलेल्या तारेतून होतो. दुसरी अशी की, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका अल्प असला तरी शून्य नसतो. म्हणूनच काही ठिकाणी सूक्ष्म नोंद न घेता, पूर्ण भूल देऊन, प्रतिमांच्या आधारे तार बसवितात. कोणती पद्धत योग्य, हे त्या शल्यतज्ज्ञाशीच बोलून ठरवावे.

कवचबीजाचा प्रश्न

येथे आपला थेट संबंध येतो. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असते, हे दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखविले. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरते व तेथे तिचे डोपामीन होते. २००४ साली लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ३० ग्रॅम कवचबीज-कल्पाचा परिणाम नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपा मात्रेपेक्षा लवकर सुरू झाल्याचे आढळले. अभ्यास छोटा आहे. तथापि एवढे निश्चित की, कवचबीज हे नुसते बल्य चूर्ण म्हणून दुर्लक्षिण्यासारखे द्रव्य नाही. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाणही कमीजास्त असते.

सूक्ष्म नोंदीच्या शस्त्रक्रियेपूर्वी लेव्होडोपाची औषधे साधारणतः आदल्या रात्रीपासून थांबवितात. लक्षणे स्पष्ट दिसावीत आणि पेशींचे आवेग औषधाने बदललेले नसावेत, हा त्यामागचा हेतू. अशा वेळी रुग्णाने 'हे तर आपलं गावठी औषध' म्हणून सकाळी चमचाभर चूर्ण घेतले आणि कोणालाच सांगितले नाही, तर शल्यतज्ज्ञ जे ऐकेल त्याचा अर्थ चुकू शकतो. उलटपक्षी, घाबरून अनेक दिवस आधीच सर्व औषधे एकाएकी बंद करणेही घातक आहे. लेव्होडोपा अकस्मात तोडल्याने तीव्र ताठरता व ज्वर असलेली गंभीर अवस्था येऊ शकते.

म्हणून आमची वैद्यबंधुभगिनींना व फार्मसीचालकांना विनंती आहे की, कंपवाताच्या रुग्णाला आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, घटक व मात्रा कागदावर लिहून द्यावी आणि तो कागद रुग्णालयाच्या फाईलमध्ये लावण्यास सांगावे. कोणते औषध केव्हा थांबवायचे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूने ठरवावे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही हेच : "चूर्ण परस्पर चालू ठेवू नका आणि परस्पर बंदही करू नका. हा कागद उद्याच डॉक्टरांना दाखवा."

पत्रक वाचताना पाच प्रश्न

चेतापेशींच्या नोंदीचा दाखला देणारे पत्रक हाती आले की पुढील प्रश्न विचारावेत.

१. नोंद कशात घेतली? बशीतील मेंदूच्या चकतीत, भूल दिलेल्या उंदरात, जाग्या प्राण्यात की माणसात?

२. द्रव्य कोणत्या मार्गाने दिले? पेशीवर थेट टाकलेला अर्क आणि मुखावाटे घेतलेले चूर्ण या वेगळ्या गोष्टी आहेत. मुखावाटे घेतलेल्या द्रव्याला पचन, यकृत आणि मेंदूची रक्तसीमा ओलांडावी लागते.

३. केवळ द्रावक देऊन तुलना केली होती का? अग्र सरकल्याने किंवा भूल उतरल्यानेही आवेग बदलतात.

४. प्राणी किती होते? चार उंदरांतून प्रत्येकी पंचवीस पेशी नोंदविल्या तर पत्रकावर 'शंभर पेशी' छापता येते, परंतु उंदीर चारच असतात.

५. आवेगांतील बदलाबरोबर प्राण्याच्या वा रुग्णाच्या अवस्थेत काय फरक पडला? हे उत्तर नसेल, तर रुग्णाला सांगण्यासारखे त्यात अद्याप काही नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. विद्युत आवेग म्हणजेच वायू, असे समीकरण अधूनमधून मांडले जाते. आम्हांस ते घाईचे वाटते. शास्त्रकारांनी वायूचे वर्णन संपूर्ण शरीरातील त्याच्या गुणकर्मांवरून केले आहे. विद्युदग्र पन्नास मायक्रॉनच्या परिघातील विभव मोजते. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी ठेवावीत. एकाने दुसऱ्याला प्रमाणपत्र देण्याची गरज नाही.

असो. ज्या रुग्णाच्या मेंदूत उद्या ते अग्र उतरणार आहे, तो आज विश्वासाने आपल्यासमोर बसलेला असतो. त्याला तंत्राची भीती घालू नये, तसेच खोटी आशाही दाखवू नये. आपण त्याच्या हाती जो औषधांचा कागद देऊ, तो मात्र पूर्ण व खरा असावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा.